हरिकेनच्या कापडावर चंदेरी ओरखडे? वेदरिंगमधल्या या चुका टाळा

लढाऊ विमानाचं मॉडेल जुनं, वापरलेलं दाखवायचं, म्हणजेच वेदरिंग करायचं म्हटलं की हात आधी चंदेरी रंगाच्या बाटलीकडे जातो. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश हॉकर हरिकेन करत असाल तर जरा थांबा. १९४० मधल्या बहुतेक हरिकेनचे पंख पत्र्याचे होते, इंजिनावरची झाकणंही; पण कॉकपिटमागचं धड म्हणजे आत धातूच्या नळ्या, त्यांवर लाकडी पट्ट्या आणि वर ताणलेलं कापड. पत्राच नाही, तर तो उघडा कुठून पडणार? शेपटीच्या सुकाणूलाही कापडच. तिथे रंग फिका करा, मळवा, पण ओरखडे काढू नका.

ते शोभतात पायलट आणि मेकॅनिक चढायचे त्या डाव्या पंखाच्या मुळाशी आणि सतत उघडल्या जाणाऱ्या झाकणांच्या कडांवर. तिथेही हात आवरा. १:७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलवर, १ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर ७ सेंटिमीटरचा डाग! फोमचा तुकडा रंगात बुडवा, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपा, मगच टेकवा.

बंदुकांची काजळी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. पंखातल्या आठ ब्राउनिंग बंदुकांच्या तोंडांवर उड्डाणापूर्वी लाल कापडी पट्ट्या चिकटवत. पहिल्याच फैरीत त्या फाटत. लाल पट्ट्या शाबूत आणि पंखाखाली ताजी काजळी, असं मॉडेल मला फार खटकतं. विमान लढाईला निघालंय की लढून आलंय, हे आधी ठरवा.

वॉश, म्हणजे खाचांमध्ये उतरवायचा पातळ रंग, सगळीकडे पसरून डाग पडतोय? मग तो थेट मॅट रंगावर गेलाय. आधी ॲक्रिलिक ग्लॉस वॉर्निश, ते पूर्ण वाळल्यावर इनॅमल वॉश. पडलेला डाग मिनरल टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने, हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, पुढून मागे ओढा. वॉश काळाभोर नको, गडद तपकिरी घ्या; नाहीतर पंखावर फरशीचे सांधे दिसतात.

शेवटच्या मॅट वॉर्निशवर पांढरट धुकं आलं तर बहुधा दमट हवा कारणीभूत असते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात स्प्रे कॅन वापरणं मी टाळतोच. धुकं आलंच तर वाळू द्या, ग्लॉसचा पातळ हात मारा. बरेचदा ते निघून जातं. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. धुळीची पावडर मात्र त्यानंतरच लावा, कारण वॉर्निशखाली ती जवळजवळ नाहीशी होते.