शाळेची कथा लिहिताय? एप्रिलात दुपारची शाळा भरवू नका

नवे लिहिणारे माझ्याकडे शाळेच्या कथा वाचायला देतात. पहिल्या पानावर हमखास चिंचेचं झाड, तडकलेली घंटा आणि गणिताचे खडूस सर. दुसऱ्या पानापासून तिघंही गायब! शाळा काढून तिथे बँक ठेवली तरी कथेचं काही बिघडत नाही.

हा रोग मलाही होता. माझ्या एका कथेत पोरगा एप्रिलात, भर दुपारी, मधल्या सुट्टीत हेडसरांच्या कपाटातून पेपर पळवतो. कथा वाचून दाखवली, तर नागपूरच्या महाल भागातल्या एका निवृत्त बाईंनी विचारलं, "काहून रे बाबू, एप्रिलात दुपारची शाळा कुठं असते?" माझे कान लाल. नागपुरात पारा चाळिशीपार गेला की शाळा सकाळची होते, दुपारी पोट्टे घरी. माझी मधली सुट्टीच उडाली, आणि तिच्यासोबत चोरीची संधीही.

दोन दिवस रुसून बसलो. मग विचार केला, बारा वाजता शाळेत उरतं कोण? पेंगणारा शिपाई, आणि ऑफिसच्या कूलरमध्ये पाणी भरायला मागे ठेवलेला एखादा पोरगा. हातात बादली, म्हणजे आत जायला कारण आलं. कूलरच्या घरघरीत कपाटाची करकर ऐकू येत नाही. कपाट अर्धं उघडलं आणि लाइन गेली. सगळं चिडीचूप. घामानं शिपायाला जाग आली. यातलं मी काही रचलं नाही, उन्हानंच रचून दिलं.

आता मी आधी पाठकोऱ्या कागदावर शाळेचा नकाशा काढतो: नळ, मुतारी, पडकी भिंत, शिपायाचा स्टूल. नवशिके विचारतात, "मोबाइलवर फोटो पाहिला तर नाही चालणार?" नाही चालणार. फोटोत स्टूल दिसेल, स्टुलावरून काय दिसत नाही ते कसं कळणार?

बाकीचं थोडक्यात. १५ जूनला शाळा उघडू नका. उन्हामुळे विदर्भात ती उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडते. पुण्याचा मावसभाऊ परत गेलेला आणि आपली सुट्टी अजून उरलेली. ते रिकामे दिवस कुणी वापरतच नाही.

मारबत, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'इडापिडा घेऊन जा' म्हणत मिरवतात तो पुतळा, नुसती सजावटीला घुसवू नका. काळी मारबत १८८१ पासून निघते, तिला तुमच्या कथेची गरज नाही. "घेऊन जा गे मारबत" या आरोळीत पोट्ट्यानं गणिताच्या सरांचं नाव घातलं आणि मागे सरच उभे असले, तर गोष्ट वेगळी.

सगळ्यांच्या तोंडी 'बे' कोंबू नका. वर्गात "सर, आत येऊ का?", दाराबाहेर "कायले ढकलून राहिला बे?"

ती चोरीची कथा सुधारून बाईंना पुन्हा वाचून दाखवली. "बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण बादली भरली कुठून? एप्रिलात बाराला नळाले पाणी असते का रे?"