मैत्रिणींसोबत पणजीच्या कॅसिनोला निघालात? या चुका टाळा

संक्रांतीची वाणं वाटून झाली आणि आमच्या सहा जणींच्या भिशीचा बेत एकदाचा ठरला. दोन वर्षं महिन्याला हजार-हजार बाजूला टाकत होतो. कोणी अष्टविनायक म्हणे, कोणी महाबळेश्वर. शेवटी किराणा दुकानवाली मैत्रीण म्हणाली, "देव तं दरसाली पाह्यतो वं, एकडाव थे दिव्याचे जहाज पाहू." दिव्यांची जहाजं म्हणजे पणजीला मांडवी नदीत उभे असलेले कॅसिनो. जाऊन आलो, मजाही आली. पण आम्ही इतक्या चुका केल्या की पुढच्या बायकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली चूक घरीच झाली. शनिवार-रविवार जाऊन येऊ, असं आम्ही ठरवलं. पुण्याच्या बायका शुक्रवारी रात्री बसमध्ये बसतात आणि शनिवारी सकाळी पणजीत चहा घेतात. आपलं तसं नाही. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, स्टेशन पुलगावचं. नागपूर-मडगाव गाडी आपल्या भागातूनच जाते, पण ती रोज नसते आणि एका बाजूचा प्रवास चोवीस तासांच्या वर. विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी मुंबई गाठून रात्रीची कोकणकन्या धरली, तरी दिवस तेवढाच मोडतो. म्हणजे रेल्वेने गेलात तर पाच दिवस मोजा. दोन-तीन दिवसांत यायचं असेल तर नागपूरहून विमान. आम्ही विमानच घेतलं.

विमान म्हटलं की दुसरी गोम. गोव्यात विमानतळ दोन आहेत: दाबोळी जुना, वास्कोजवळ, आणि मोपा नवा, उत्तरेला पेडणे तालुक्यात, २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला. पणजी दोघांच्या मधोमध म्हणावी अशी, पण एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायचं तर साठ किलोमीटरच्या वर रस्ता. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. आम्ही स्वस्त पडलं म्हणून जायचं एका ठिकाणचं आणि यायचं दुसऱ्या ठिकाणचं तिकीट काढलं होतं. ते शेवटच्या दिवशी नाश्त्याला, पोहे अर्धे खाऊन झाल्यावर कळलं. टॅक्सीवाल्याने आमचे चेहरे बघूनच भाव सांगितला. गोव्यात ओला-उबर चालत नाही. गोवा माइल्स नावाचं ॲप आहे, ते आधीच मोबाईलवर घेऊन ठेवा. विमानतळावरून पणजीला कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसही जातात, बॅगा कमी असतील तर त्याच बऱ्या.

आता बायकांचं खास दुखणं. आमच्या शिवणकामवालीच्या आधारकार्डावर माहेरचं नाव, तिकीट काढलं सासरच्या नावाने. नागपूरच्या विमानतळावर दारातला जवान एकदा कार्डाकडे बघे, एकदा तिकिटाकडे. "अवं बाप्पा, लग्नाले अठरा वर्सं झाली, अजून मी माहेरचीच हावो का?" असं ती त्यालाच विचारत होती. पॅनकार्डावर सासरचं नाव होतं म्हणून निभावलं. तिकीट काढायच्या आधी सहाही जणींची ओळखपत्रं एका जागी ठेवा आणि अक्षर न अक्षर जुळवून बघा. कॅसिनोतही ओळखपत्र लागतंच, आणि मूळ प्रत लागते. व्हॉट्सॲपवर पोराने पाठवलेला फोटो काउंटरवर चालत नाही.

वयाचंही तसंच. एकवीस पूर्ण नसेल तर आत सोडत नाहीत. आमच्यातल्या एकीने एकोणीस वर्षांची लेक हौसेने सोबत घेतली होती. "मतदान कराले चालते, मंग इथं काहून नाई?" हा तिचा प्रश्न बिनतोड होता, पण काउंटरवरच्या मुलीला तो रोजचा असावा. मायलेकी ती संध्याकाळ नदीकाठी फिरल्या. गोव्याच्या लोकांनाही या जहाजांवर खेळायला २०२० पासून बंदी आहे. म्हणजे ती सगळी रोषणाई तुमच्या-आमच्यासाठीच. आपल्या महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ सालीच झाला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. गोव्याचा जुगाराचा कायदाही १९७६ चाच, पण त्यांनी नव्वदच्या दशकात त्यात दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आणि मग जहाजांवर टेबलं येऊ दिली.

आत जायचं कसं, तर काठावरच्या जेट्टीवर पैसे भरायचे, मनगटाला पट्टी बांधून घ्यायची आणि छोट्या बोटीतून जहाजावर. पाण्याला भिणारी असेल तर तिला मध्ये बसवा. पाच-सात मिनिटांचंच काम आहे. शुक्रवार ते रविवार दर चढे असतात आणि टेबलांवरचा कमीत कमी डावही वाढवलेला असतो. म्हणून विदर्भातून एवढ्या लांब जाणाऱ्यांनी शनिवारची रात्र गाठायची घाई करू नये. रविवारी पणजी बघा, सोमवारी जहाजावर जा. आम्ही शनिवारीच गेलो आणि बसायला खुर्ची मिळाली ती साडेअकराला. आत एसी इतका की जानेवारीतल्या शेतातली पहाट आठवली. शाल न्या.

सगळ्यात मोठा गोंधळ चकत्यांचा, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चिप्सचा. प्रवेशाच्या पैशात जेवण, पेय आणि काही चकत्या येतात. आम्हाला वाटलं, न खेळता त्या परत दिल्या की पैसे मिळतील. नाही मिळत. पॅकेजमधल्या त्या चकत्या एकदाच लावायच्या असतात. जिंकलात तर वरचे पैसे रोख चकत्यांत, म्हणजे खिडकीवर ज्यांचे पैसे होतात त्या चकत्यांत, मिळतात, हरलात तर विषय संपला. किराणावालीने त्या चकत्या रुमालात गाठ मारून दोन तास सांभाळल्या होत्या. खिडकीवर गेल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा: यातल्या कोणत्या चकत्यांचे पैसे परत मिळतात, जेवण किती वाजेपर्यंत चालू असतं, आणि परतीची बोट कुठून सुटते. कर धरून दर किती, हेही विचारा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे.

मी शाळेत गणित शिकवते, तरी रूलेटच्या, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी टाकून आकडा काढायच्या खेळाच्या, टेबलापाशी मीही तासभर खुळ्यासारखी उभी होते. घरी येऊन चिंचोके मांडले तेव्हा डोक्यात उजेड पडला. चाकावर शून्य ते छत्तीस असे सदतीस खण, शून्य सोडून बाकीचे लाल नाहीतर काळे. एका आकड्यावर शंभर रुपये लावले आणि तो आला, तर पस्तीसपट मिळतात आणि तुमचे शंभर परत. समजा सदतीस वेळा शंभर लावले आणि तुमचा आकडा आपल्या वाट्याचा एकदा आला. गेले ३७००, आले ३६००. शंभर रुपये चाकाने ठेवून घेतले, आणि ते तुमचं नशीब चांगलं-वाईट न बघता. जिथे चाकावर दोन शून्यं असतात तिथे तर ही कपात जवळजवळ दुप्पट. "मघापासून काळाच येऊन रायला, आता लाल येईनच" असं आमची अंगणवाडीताई शेवटपर्यंत म्हणत होती. चाकाला मघाचं काही आठवत नसतं. समोरच्या फळ्यावर आधीचे आकडे मुद्दाम लावून ठेवतात ते तुम्हाला तसं वाटावं म्हणूनच, असं माझं स्पष्ट मत आहे. जिंकलात तरी त्यावर सरळ ३० टक्के आयकर आहे. इतर उत्पन्नाला मिळते ती सूट त्याला लागत नाही.

मग करायचं काय? जत्रेत पाळण्याला जसे पैसे देतो तसे द्यायचे. दुसऱ्या दिवशी आम्हाला शहाणपण आलं, पण तुम्ही घरूनच करा: प्रत्येकीचं एक पाकीट, त्यात हरायचे पैसे, आणि सगळ्यांची कार्डं जी खेळणार नाही तिच्याकडे. आमच्या एकीने रात्री दीड वाजता कार्ड घासलं. खातं नवऱ्यासोबतचं. मेसेज गावाकडे, त्याच्या मोबाईलवर. तो ओलिताला वावरात जागाच होता. पुढचं संभाषण इथे लिहिण्यासारखं नाही.

एखादी टेबलावरून उठतच नसेल तर "पुरे कर" म्हणू नका, ती आणखी बसते. "जेवण बंद होऊन रायलं" म्हणा. आमच्याकडे हे दोनदा चाललं.

घरी खोटं सांगून जाणं, हीसुद्धा चूकच. दोघींनी सासूला मंगेशीच्या दर्शनाला जातो असं सांगितलं होतं. दर्शन खरंच घेतलं, पण त्याच रात्री तिसरीने जेट्टीवरचा फोटो स्टेटसला टाकला. मागे जहाज, जहाजावर पाटी, पाटीवर हातभर अक्षरांत कॅसिनो. काय करणार आहात, कुठल्या हॉटेलात आहात, हे घरातल्या एकाला तरी खरं सांगून जा.

स्कूटर भाड्याने घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची भाड्याची गाडी पोलिसांनी अडवली की सुट्टी तिथेच संपते.

आणि दिवसा झोपून राहू नका. पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या पिवळ्या-निळ्या घरांच्या गल्ल्या सकाळी आठला रिकाम्या असतात. तिथल्या एका पायरीवर बसून आम्ही घरून नेलेल्या तिखट पुऱ्या ठेच्यासोबत खाल्ल्या. सहलीतला तो तास मला अजून आठवतो.

परत आल्यावर आठ दिवसांत किराणावालीच्या मोबाईलवर घरबसल्या कॅसिनो खेळा असे मेसेज यायला लागले. पैसे लावून खेळायचे असले ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्याने बंद आहेत. तरी लिंका येतातच, आणि त्यात गेलेला पैसा कोणाकडे मागायचा? तिने एकेक नंबर ब्लॉक केला. मग भिशीच्या ग्रुपवर लिहिलं, "फेब्रुवारीचे हजार कोनाचे बाकी हायेत?"