बटनच नसलेल्या लॅपटॉपचं बटन: ड्रायव्हरच्या कामात मी कसा शिरलो

बीसीएच्या शेवटच्या वर्षी मी संध्याकाळी धुळ्यात आग्रा रोडजवळच्या एका लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात बसायचो. एकदा शिंदखेड्याचे एक सर लॅपटॉप घेऊन आले. मुलाने त्यावर उबुंटू ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती आणि तेव्हापासून वायफाय बंद. स्क्रीनवर संदेश यायचा की वायफाय हार्डवेअर स्विचने बंद आहे. दुकानाच्या काकांनी लॅपटॉप उलटा केला, चारही कडा बोटांनी चाचपल्या आणि म्हणाले, "याले बटनच नई शे, भो!"

त्या एका वाक्याने मला कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कामात ओढलं.

लिनक्समध्ये वायफाय, ब्लूटूथ असे रेडिओ चालू-बंद करण्याचा कारभार आरएफकिल नावाच्या भागाकडे असतो. 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा दिली की प्रत्येक रेडिओसमोर सॉफ्ट आणि हार्ड अशा दोन ओळी दिसतात. सॉफ्ट ब्लॉक सॉफ्टवेअरने घातलेला, तो 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' म्हटलं की निघतो. हार्ड ब्लॉक म्हणजे खरोखरचा स्विच. सॉफ्टवेअरने तो फक्त वाचायचा, बदलायचा नाही. लॅपटॉपच्या आत बसणाऱ्या जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस वायफाय कार्डात 20 नंबरची पिन याच कामाची होती: तिच्यावर सिग्नल आला की रेडिओ बंद, मग वर कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम असो.

सरांच्या लॅपटॉपवर यादीत वायफायच्या दोन नोंदी होत्या. एक वायफाय कार्डाची, तिथे दोन्ही ओळींत 'नो'. दुसरी प्लॅटफॉर्म ड्रायव्हरची, म्हणजे त्या कंपनीच्या लॅपटॉपमधल्या खास सोयी सांभाळणाऱ्या कर्नलमधल्या प्रोग्रामची, तिथे हार्ड ब्लॉक 'येस'. म्हणजे कार्ड ठणठणीत होतं. प्लॅटफॉर्म ड्रायव्हर फर्मवेअरला, म्हणजे लॅपटॉपच्या चिपमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरला, विचारत होता, "स्विच कुठल्या बाजूला आहे?" या मॉडेलला स्विचच नव्हता, तरी फर्मवेअर 'बंद' असंच उत्तर देत होतं. नेटवर्क जोडणी सांभाळणारा नेटवर्क मॅनेजर ते प्रमाण मानून वायफाय चालूच होऊ देत नव्हता. मी प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलमध्ये घालता-काढता येणारा भाग) काढलं आणि दुसऱ्या मिनिटाला दुकानाचं वायफाय दिसलं.

नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की इथे थांबू नका. मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे आपोआप चढूच दिलं नाही, की गिऱ्हाईक खूश होतं, पण त्याच ड्रायव्हरमुळे चालणाऱ्या कीबोर्डवरच्या काही खास की आणि बॅटरीच्या सोयीही जातात. मी ड्रायव्हरचा सोर्स उघडला. स्विच नसलेल्या मॉडेलांची एक यादी त्यात आधीच होती. आपलं मॉडेल तेवढं नव्हतं. बायोसमधली डीएमआय माहिती (मशीनची कंपनी, मॉडेल वगैरे) वाचून मॉडेलचं नाव घेतलं, यादीत भर घातली, कर्नल बांधला (कंपाइल केला). दुकानातल्या मशीनवर त्याला रात्र लागली.

पॅच, म्हणजे केलेला बदल, कर्नल सांभाळणाऱ्यांकडे पाठवण्याआधी मांडणी तपासणारी 'चेकपॅच' स्क्रिप्ट चालवा, 'गेट मेंटेनर' स्क्रिप्टने कुणाला पाठवायचा ते काढा, खाली स्वतःच्या नावाने साइन्ड-ऑफ-बाय (हा बदल देण्याचा हक्क आहे असं सांगणारी ओळ) लिहा. हे सगळं कर्नलच्या दस्तऐवजात नीट दिलेलं आहे. खरं शिक्षण मात्र माझ्या पॅचला आलेल्या उत्तरातून झालं. मी नाव 'डीएमआय मॅच'ने जुळवलं होतं. तपासणाऱ्याने दाखवून दिलं की ते नावाचा तुकडा जुळला तरी हो म्हणतं, त्यामुळे त्याच मालिकेतलं खरा स्विच असलेलं मॉडेलही यादीत ओढलं जाईल आणि तिथला स्विच सिस्टिमला दिसेनासा होईल. एका लॅपटॉपचं दुखणं बरं करताना दुसऱ्याचं उभं राहिलं असतं. मी 'एक्झॅक्ट मॅच' करून पुन्हा पाठवला.

आता मी हेच काम पूर्ण वेळ करतो. या भागाच्या बग रिपोर्टमध्ये आणखी एक घोटाळा नेहमी भेटतो: कीबोर्डवरची वायफायची की दाबली की फर्मवेअर स्वतःच रेडिओ बंद करतं आणि वर ती की दाबल्याचा इव्हेंटही (सूचनाही) पाठवतं. मग तो ऐकून सिस्टिम पुन्हा बदल करते आणि दोघांची ओढाताण होते. अशा वेळी पहिला प्रश्न हाच विचारा की स्थिती बदलणारा नेमका कोण आहे. दुसरी चूक झोपेची. लॅपटॉप झोपलेला असताना कुणी स्विच सरकवला तर जागा झाल्यावर ड्रायव्हरने स्थिती पुन्हा वाचून 'आरएफकिल सेट एचडब्ल्यू स्टेट'ने कळवायला हवी. म्हणून पॅच तपासताना झाकण मिटा, स्विच हलवा, झाकण उघडा आणि यादी परत पाहा.