जुन्या प्रेस कॅमेऱ्याला फ्लॅश जोडताना या चुका टाळा

स्पीड ग्राफिक किंवा क्राउन ग्राफिक हाती आला की पहिल्याच आठवड्यात त्याला फ्लॅश लावून पाहण्याचा मोह होतो. ४×५ इंचांच्या शीट फिल्मवर (सुट्या तुकड्यांच्या फिल्मवर) चालणारे हे अमेरिकन प्रेस कॅमेरे वृत्तपत्रांच्या कामात होते, तेव्हा प्रकाश एकदाच पेटून जाणाऱ्या बल्बचा असे. आज आपण त्यांना इलेक्ट्रॉनिक फ्लॅश जोडतो. घोटाळे होतात ते या दोन काळांच्या सांध्यावर, आणि त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते, की पिन बसली म्हणजे जोडणी बरोबर झाली.

सर्वांत घातक चूक आधी सांगतो. जुन्या फ्लॅशच्या दांडीपासून (सेल भरायच्या नळीसारख्या मुठीपासून) शटरपर्यंत जाणाऱ्या बऱ्याच वायरींच्या एका टोकाला अमेरिकेतील घरगुती प्लगसारख्या दोन चपट्या पिना असतात. आपल्या जुन्या गोल छिद्रांच्या सॉकेटमध्ये त्या शिरत नाहीत, परंतु हल्ली घरोघरी असलेल्या युनिव्हर्सल एक्स्टेन्शन बोर्डात सहज शिरतात. तसे झाले तर २३० व्होल्ट थेट शटरच्या कॉन्टॅक्टवर आणि लेन्सभोवतीच्या धातूवर येतात, आणि त्या वेळी कॅमेरा आपल्याच हातात असतो. माझ्या वायरीच्या प्लगवर मी लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे आणि ती वायर चार्जरच्या वायरींत कधीही ठेवत नाही.

त्याच दांडीत मोठे सेल बसतात आणि त्यांचा प्रवाह बल्ब पेटवण्यासाठी किंवा लेन्सबोर्डवरचा (लेन्स बसवलेल्या फळीवरचा) सोलेनॉइड, म्हणजे शटर दाबणारा विद्युतचुंबक, ओढण्यासाठी असतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला बाहेरून प्रवाह नको असतो. शटरने दोन तारा क्षणभर एकत्र आणल्या, की त्याचे काम होते. म्हणून तो सेल भरलेल्या दांडीच्या सॉकेटला न जोडता, शटरच्या दोन खुंट्यांना किंवा पीसी सॉकेटला (फ्लॅशच्या वायरीसाठीच्या छोट्या गोल जोडाला) साजेशा वायरीने थेट शटरलाच जोडावा.

मात्र थेट जोडण्यापूर्वी फ्लॅशचे ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे शटरला जोडायच्या सिंक वायरीवर त्याचा किती दाब असतो ते, मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशपैकी काहींच्या सिंक वायरीवर २०० व्होल्टपेक्षा अधिक दाब असतो, तर आजच्या बहुतेक फ्लॅशवर तो दहाच्या आत असतो, आणि हा फरक बाहेरून दिसत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटात मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटरही या कामाला पुरतो. तो डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवावा, फ्लॅश चालू करून तयारीचा दिवा लागेपर्यंत थांबावे आणि मग एक टोक सिंकच्या मधल्या पिनेला, दुसरे बाहेरच्या कड्याला लावावे. बोटे धातूला लागू देऊ नयेत. आकडा मोठा आला, तर प्रत्येक फोटोला शटरच्या नाजूक कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, त्यांवर काजळी धरते आणि पुढे फ्लॅश कधी उडतो, कधी उडत नाही. लेन्सच्या कड्याला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर तेही याच दाबाचे लक्षण समजावे. असा फ्लॅश वापरायचाच असेल, तर शटरला रेडिओ ट्रिगरचा (वायरीविना फ्लॅश उडवणाऱ्या जोडीचा) ट्रान्समीटर जोडावा आणि रिसीव्हर किती व्होल्ट सोसतो, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहून मगच फ्लॅश त्याला लावावा. फ्लॅश उघडून आत हात घालण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये. स्विच बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

आता माझी फजिती. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे दिवेलागणीला मी एका व्यापाऱ्याचे त्याच्या घोड्यासह सहा फोटो घेतले. प्रत्येक वेळी फ्लॅश झगझगीत उडाला, व्यापारी खूश झाला, घोडा मात्र दर खेपेला बिचकला. आणि घरी येऊन शीट धुतल्या, तर सहाही जवळजवळ काचेसारख्या पारदर्शक निघाल्या. फ्लॅशला इशारा केव्हा द्यायचा हे ठरवणारी शटरची कळ एम वर राहिली होती. बल्बला पूर्ण तेजाला पोहोचायला सुमारे २० मिलिसेकंद लागतात, म्हणून एम वर शटर आधी बल्बला इशारा देते आणि मग उघडते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तेवढ्यात उजळून विझूनही जातो. त्यासाठी एक्स हीच जागा. शटरवर अशी कळच नसेल, तर ते कोणत्या पद्धतीचे आहे हे अंदाजाने ठरवू नये. फिल्म न घालता पाहावे. कॅमेऱ्याची पाठ काढावी, ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडावे, फ्लॅश पांढऱ्या भिंतीकडे रोखावा आणि मागून लेन्समधून भिंतीकडे पाहत शटर दाबावे. पूर्ण गोल प्रकाशमान दिसला, तर मेळ बरोबर आहे. चांदणीसारखा अर्धवट आकार किंवा अंधारच दिसला, तर नाही.

हीच चाचणी स्पीड ग्राफिकमधील आणखी एक चूक पकडते. त्याच्या पाठीमागे पडद्याचे दुसरे शटर असते. लेन्सचे शटर वापरताना तो पडदा पूर्ण उघडा नसेल, तर फिल्मवर काहीच येत नाही किंवा अर्धवटच चित्र येते. उलट, फ्लॅशसाठी पडद्याचेच वेगवान शटर वापरले, तर सरकत्या फटीपुरताच पट्टा उजळतो. क्राउन ग्राफिकला हा पडदाच नसल्याने ही भानगड नाही.

दोन खुंट्यांची वायर उलटी बसली, तरीही काही फ्लॅश उडत नाहीत. कॉन्टॅक्टला दोष देण्यापूर्वी ती फिरवून पाहावी. कॅमेऱ्याचे अंग लाकडी असते, त्यामुळे जड फ्लॅश लावलेली दांडी धरून कॅमेरा उचलल्यास स्क्रू लाकडातून सुटू लागतात. जवळचा विषय घेताना बेलोजचा (लेन्स पुढे नेणाऱ्या घडीच्या भात्याचा) हिशोबही सुटतो: १३५ मिलिमीटरची लेन्स फिल्मपासून १९० मिलिमीटरवर नेली, की प्रकाश निम्मा होतो आणि ॲपर्चर एक स्टॉप (दुप्पट प्रकाश येईल इतके) उघडावे लागते.

काम संपल्यावर आधी फ्लॅश बंद करावा, मग वायर काढावी आणि दांडीतील सेल त्याच दिवशी बाहेर काढावेत. खानदेशच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, कपाटात विसरलेले सेल लवकर पाझरतात, आणि दांडीच्या आतली हिरवट पांढरी बुरशी खरवडून काढताना स्प्रिंगच तुटून हातात येते.