डोळ्याचा डॉपलर: प्रोब टेकवायचा, दाबायचा नाही

डोळ्याच्या डॉपलरमध्ये, म्हणजे अल्ट्रासाउंडने डोळ्याच्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजण्याच्या तपासणीत, आकडे चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे हाताचं वजन. प्रोबचा (पापणीवर टेकवायच्या उपकरणाचा) भार नेत्रगोलावर आला की डोळ्यातला दाब वाढतो. बारीक धमन्यांतला डायस्टोलिक (दोन ठोक्यांमधला) प्रवाह मग आधी घटतो आणि आरआय (रेझिस्टन्स इंडेक्स, प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचं माप) फुगतो. रिपोर्ट वाचणाऱ्याला निरोगी डोळाही आजारी वाटतो.

डोळ्याला मार लागला असेल आणि नेत्रगोल फाटल्याची शंका असेल, तर प्रोब लावायचाच नाही. नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी सर्जनला विचारावं.

पेशंटला उताणं झोपवून पाच-दहा मिनिटं शांत पडू द्या. एप्रिल-मे महिन्यात उन्हातून, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून एसटीने आलेल्या माणसाची नाडी टेबलावर चढताच मोजण्यात अर्थ नाही. डोळे मिटून, पापणीखाली नजर सरळ छताकडे. सोलापुरात ही सूचना मराठीत देऊन नेहमी भागत नाही. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजींना ‘कळ्ळु मूसुकोंडी’ (डोळे मिटा) म्हटलं की काम पटकन होतं.

मशीनवर डोळ्याचा प्रीसेट (तयार सेटिंग) निवडा. एमआय (ध्वनिलहरींच्या यांत्रिक परिणामाचा आकडा) ०.२३ च्या वर आणि टीआय (उष्णतेच्या परिणामाचा आकडा) १ च्या वर जाता कामा नये. पोटाचा किंवा मानेचा प्रीसेट ठेवून नुसती डेप्थ कमी करू नका, त्यात पॉवर जास्त असते. ७ ते १२ मेगाहर्ट्झचा लिनिअर प्रोब, डेप्थ सुमारे ४ सेंमी, गेट (वेग जिथे मोजायचा ती खिडकी) १ ते २ मिमी, वॉल फिल्टर (मंद सिग्नल गाळणारा) सगळ्यात खाली. एका ठिकाणी गरजेपेक्षा जास्त वेळ डॉपलर चालू ठेवू नये.

जेल भरपूर घ्या. प्रोब आणि पापणी यांच्यामध्ये जेलचा काळा थर स्क्रीनवर दिसलाच पाहिजे. तो नाहीसा झाला तर तुम्ही दाबताय. करंगळी आणि तळहाताची कड पेशंटच्या कपाळावर किंवा गालाच्या हाडावर टेकवा, म्हणजे वजन हाडावर जातं. कोपराखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला तर हात लवकर थकत नाही, आणि टॉवेलचा आपल्या गावात तोटा नाही.

आधी ग्रे-स्केलमध्ये नेत्रगोलामागचा ऑप्टिक नर्व्हचा (दृष्टीच्या नसेचा) काळा पट्टा शोधा, मग कलर लावा. सेंट्रल रेटायनल आर्टरी (डोळ्याच्या पडद्याची धमनी) या पट्ट्यातच, नेत्रगोलाच्या मागे २-३ मिमीवर सापडते. शीर तिला चिकटून असल्यामुळे ट्रेसमध्ये धमनी बेसलाइनच्या वर आणि शीर खाली अशी जोडी उमटते. जोडी दिसली की जागा बरोबर. वेग कमी असतो, पीएसव्ही (ठोक्याच्या वेळचा सर्वांत जास्त वेग) साधारण १० सेंमी प्रतिसेकंद. त्यामुळे पीआरएफ (वेगाची मोजपट्टी ठरवणारी सेटिंग) उतरवला नाही तर ‘प्रवाह नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

ऑफ्थॅल्मिक आर्टरी (डोळ्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी) त्याहून मागे, नर्व्ह ओलांडून नाकाच्या बाजूला गेल्यावर धरायची. पीएसव्ही साधारण ३० ते ४०, उंच टोक आणि उतारावर खाच. इथे पीआरएफ वाढवा, नाहीतर एलिअसिंग होतं, म्हणजे जास्त वेग मोजपट्टीबाहेर जाऊन उलट्या दिशेचा दिसतो. पोस्टेरिअर सिलिअरी धमन्या नर्व्हच्या दोन्ही कडांना असतात, पण बारीक आणि अनेक असल्यामुळे त्यांचे आकडे पुन्हा मोजताना जुळतीलच असं नाही. त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये.

अँगल (ध्वनिलहरी आणि धमनी यांच्यातला कोन) शक्य तितका कमी, ६० अंशांच्या आत. ६० च्या जागी ६५ लावला तर तोच वेग सुमारे १८ टक्के जास्त दिसतो. आरआय म्हणजे पीएसव्हीतून ईडीव्ही (पुढच्या ठोक्याआधीचा वेग) वजा करून पीएसव्हीने भागायचं. हे गुणोत्तर असल्यामुळे अँगलच्या चुकीने ते बदलत नाही, हाताच्या दाबाने मात्र बदलतं. शंका आली तर प्रोब उचला, जेल घाला, पुन्हा मोजा. आरआय खाली आला तर आधीचा आकडा खोडा. सलग तीन-चार सारखे ठोके मिळाल्याशिवाय ट्रेस फ्रीझ करू नये, आणि त्या वेळी पेशंट श्वास कोंडून बसलेला नसावा.

रिपोर्टमध्ये ‘रक्तप्रवाह इतके मिली’ असं लिहू नका. इथे मिळतो तो वेग. धमनीची रुंदी या तपासणीत भरवशाने मोजता येत नाही. दोन्ही डोळ्यांचे आकडे, रक्तदाब आणि डोळ्यातला दाब शेजारी-शेजारी लिहा.

ऑफ्थॅल्मिक आर्टरीचा प्रवाह उलटा दिसला तर आधी स्क्रीनवरचं इन्व्हर्ट (दिशा उलटी दाखवणारं) बटण बघा. ते ठीक असेल तर त्याच टेबलावर मानेचा कॅरोटिड डॉपलर करा, कारण त्या बाजूची इंटर्नल कॅरोटिड (मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी) जवळजवळ बंद असू शकते. अचानक नजर गेलेल्या माणसाच्या सेंट्रल रेटायनल आर्टरीत प्रवाह सापडत नसेल, तर टाइप केलेल्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना लगेच फोन लावा आणि पेशंटला स्ट्रोकच्या उपचारांची सोय असलेल्या दवाखान्यात पाठवा.