सल्लागार गट आहे, बैठकाही होतात, तरी ग्राहक तिथेच? या चुका टाळा

आर्थिक साक्षरता आणि ग्राहक संरक्षण यांसाठी सल्लागार गट नेमणं सोपं असतं. नियामक संस्था किंवा एखादी स्वयंसेवी संस्था दहा-पंधरा जाणकारांना पत्रं धाडते, पहिल्या बैठकीचा फोटो निघतो, भागीदारीच्या करारांवर सह्या होतात. वर्षभराने इतिवृत्तांची फाइल जाड झालेली असते आणि तक्रारी पूर्वीसारख्याच येत असतात. मग खापर फुटतं ते 'लोकांत जागरूकताच नाही' यावर. पाणी बहुधा दुसरीकडेच मुरतं. गटाला आणि भागीदारांना माहिती खाली वाटण्याच्या कामाला जुंपलेलं असतं, आणि लोकांचं म्हणणं नियम करणाऱ्यांपर्यंत वर नेण्याचं काम कुणाकडेच दिलेलं नसतं.

संरक्षणाचं काम शिबिरावर ढकलू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. करारात शुल्क दडवलेलं असेल, तर 'सही करण्यापूर्वी नीट वाचा' असं पत्रक छापून काय साधणार? फर्नांडिस, लिंच आणि नेटेमेयर या अभ्यासकांनी 2014 साली याआधीच्या 201 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. लोकांच्या आर्थिक वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 0.1 टक्का भाग अशा शिक्षणामुळे समजावता येतो, असं त्यांना आढळलं. पुढे 2022 मध्ये आलेल्या दुसऱ्या आढाव्याने 76 यादृच्छिक प्रयोग (सहभागींचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून केलेले) तपासले आणि चित्र बरंच आशादायक निघालं. प्रशिक्षणाने ज्ञान वाढतं आणि वागणंही काही प्रमाणात बदलतं. म्हणजे शिबिरं बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण वाईट योजनेवर पांघरूण घालायला ती वापरू नयेत.

गटापुढे तक्रार आली की एकच प्रश्न विचारावा: या माणसाने सगळं वाचून, समजून घेतलं असतं तर तो फसवणुकीतून वाचला असता का? 'तरीही फसलाच असता' असं उत्तर आलं तर तो विषय नियमाचा. ब्रिटनमध्ये वित्तीय नियामकाला ग्राहकांच्या बाजूने सल्ला देणाऱ्या ग्राहक पॅनेलने हा भेद सोडला नाही. वित्तीय कंपन्यांवर ग्राहकाच्या हिताची काळजी घेण्याचं कर्तव्य टाका, अशी मागणी ते वर्षानुवर्षं लावून धरत होतं. तिथल्या नियामकाचा 'कन्झ्युमर ड्यूटी' हा नियम जुलै 2023 मध्ये लागू झाला. पॅनेलने मागितलं तसंच सगळं मिळालं नाही, पण कितीही पत्रकं वाटून इतकं झालं नसतं.

खुर्च्या कुणाच्या, हे आधी बघा

नेहमीची मांडणी अशी: चार बँकवाले, दोन निवृत्त अधिकारी, एक प्राध्यापक आणि ग्राहकांतर्फे एकटा कुणीतरी. तो एकटा कितीही तडफेचा असला तरी बाकीच्यांच्या परिभाषेपुढे थोड्या वेळाने माना डोलवायला लागतो. ब्रिटनमध्ये म्हणून उद्योगाचं पॅनेल वेगळं आणि ग्राहकांचं वेगळं ठेवलं आहे. दोघांनी आपापल्या खोलीत भांडावं, आणि नियामकाला दोन स्वतंत्र मतं मिळावीत.

एकत्रच बसवायचं असेल, तर पैशाचा मुद्दा टाळता येत नाही, आणि तो हमखास टाळला जातो. बँकेचा प्रतिनिधी पगारी वेळेत येतो, त्याच्या पाठीशी कायदा विभाग असतो. ग्राहक संघटनेची कार्यकर्ती रजा टाकून येते आणि बैठकीच्या आदल्या संध्याकाळी आलेली शंभर-दीडशे पानं प्रवासात चाळते. युरोपीय बँकिंग प्राधिकरणाच्या हितसंबंधी गटासाठी (बँका, ग्राहक वगैरेंच्या प्रतिनिधींच्या सल्लागार गटासाठी) कायद्यातच तरतूद आहे की ना-नफा संस्थांच्या सदस्यांना योग्य मोबदला द्यावा, त्यात प्रवासखर्च धरावा आणि बैठकीच्या आधी-नंतरच्या कामाचाही विचार व्हावा. उद्योगाचे प्रतिनिधी त्यातून वगळले आहेत. ही तरतूद कुठल्याही लहान गटाला जशीच्या तशी उचलता येईल. शिवाय कागदपत्रं किमान आठवडाभर आधी पाठवा आणि सोबत दोन पानांचा साध्या भाषेतला सारांश जोडा.

'नोंद घेतली' हे उत्तर नव्हे

गट आजारी आहे का, हे बघायचं तर इतिवृत्त उघडा. 'सदस्यांनी वसुलीच्या पद्धतींबाबत चिंता व्यक्त केली. नोंद घेण्यात आली.' असं वाक्य पानोपानी दिसलं की समजायचं, इथे कागदी घोडे नाचताहेत. दुरुस्ती लिहिण्यापासूनच सुरू होते. 'चिंता' न लिहिता असं लिहा: 'कर्ज पूर्ण फेडल्यावरही पतनोंदीत थकबाकी दिसते, अशा तक्रारी तीन भागीदार संस्थांकडून आल्या. नोंद दुरुस्त करण्याची मुदत ठरवावी. उत्तर कोण देणार, कधीपर्यंत?' आता याला 'नोंद घेतली' म्हणून वाटेला लावणं जरा अवघड जातं.

पुढची पायरी म्हणजे लेखी उत्तराचं बंधन. ब्रिटनच्या कायद्यानुसार पॅनेलने मांडलेल्या मुद्द्यांचा नियामकाने विचार केलाच पाहिजे आणि आपला प्रतिसाद वेळोवेळी प्रसिद्धही केला पाहिजे. सल्ला मानायचं बंधन त्यावर नाही, आणि ते योग्यच आहे. शेवटी निर्णयाची जबाबदारी नियामकाची. पण का मानला नाही, ते चारचौघांत सांगावं लागलं की टोलवाटोलवी आपोआप कमी होते.

भागीदार शिकवतोय की विकतोय?

बँका, विमा कंपन्या, गुंतवणूक कंपन्या यांच्याकडे पैसा असतो, माणसं असतात, सभागृह असतं. त्यांना दूर ठेवा असं सांगणं सोपं, निभावणं कठीण. 'ओईसीडी' या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या आर्थिक शिक्षणविषयक जाळ्याने 2014 मध्ये खासगी आणि ना-नफा भागीदारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा रोख असा की शिक्षण आणि विक्री यांच्यातली रेघ स्पष्ट हवी.

रेघ पुसली गेल्याच्या खुणा ओळखीच्या आहेत. बचतीवरचं सत्र शेवटी एका ठरावीक योजनेपाशी येऊन थांबतं. हजेरीच्या कागदावर मोबाइल क्रमांकाचा रकाना असतो आणि दोन दिवसांनी सगळ्यांना फोन जातात. पत्रकावर कंपनीचा क्रमांक ठळक छापलेला असतो. तक्रार निवारणाचा किंवा वित्तीय तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाचा पत्ता मात्र शोधूनही सापडत नाही. भागीदारीच्या करारात म्हणूनच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: सत्रात कुठलीही योजना विकायची नाही, जमवलेली माहिती भागीदाराने वापरायची नाही, आणि प्रत्येक साहित्यावर तक्रार कुठे करायची ते कंपनीच्या बोधचिन्हाइतक्याच मोठ्या अक्षरात छापायचं. तिसऱ्या अटीवर जो भागीदार घासाघीस करतो, त्याची अडचण अक्षरांच्या आकाराची नसते, हे ओळखून पुढचा करार करावा.

खरे मोलाचे भागीदार बऱ्याचदा यादीतच नसतात: ग्रंथालयं, कामगार संघटना, कर्ज समुपदेशक, आरोग्य कार्यकर्त्या. फसलेला माणूस सर्वांत आधी यांच्यापाशी बोलतो. नियामकाकडे जातो तो फार उशिरा, किंवा जातच नाही. त्यांना फक्त पत्रकांचे गठ्ठे पोचवून थांबू नका. महिन्याला एक साधा तक्ता मागा: कुठल्या प्रकारच्या तक्रारी, साधारण किती, नवीन काय ऐकलं. नावं, खातेक्रमांक अजिबात नकोत. नव्या फसवणुकीची चाहूल अधिकृत आकडेवारीच्या आधी या तक्त्यांतच लागते.

मोजमापाचं थोडक्यात: किती लोक आले हे मोजून सभागृह केवढं हवं ते कळतं, बाकी काही नाही. सहा महिन्यांनी त्यातल्या किती जणांनी शुल्क परत मागितलं, तक्रार केली, सही करायला नकार दिला, ते विचारा.

गट कुणाच्या मर्जीवर उभा आहे?

अमेरिकेत वित्तीय सुधारणांसाठीच्या 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोला सल्लागार मंडळ नेमणं आणि वर्षातून किमान दोनदा त्याची बैठक घेणं बंधनकारक केलं. कायद्याचं एवढं पाठबळ असूनही जून 2018 मध्ये त्या वेळच्या कार्यकारी प्रमुखांनी मंडळाच्या सगळ्या 25 सदस्यांना एकदम घरी पाठवलं. बैठका रद्द होत असल्याची जाहीर तक्रार काही सदस्य त्याआधी करत होते. मंडळ कायद्याने टिकलं, नवे सदस्य आले; पण जुन्या सदस्यांची मुदत प्रमुखाच्या हाती होती.

तुमच्या गटाची नियमावली काढून बघा. सदस्याला मुदतीपूर्वी काढायचं तर लेखी कारण द्यावं लागतं का? सगळ्यांच्या मुदती एकाच दिवशी संपतात की टप्प्याटप्प्याने? प्रमुखाने बैठक बोलावलीच नाही, तर ठरावीक सदस्यांना एकत्र येऊन ती बोलावता येते का? ही कलमं संबंध गोड असतानाच घालून घ्यावीत. पहिला खटका उडाल्यावर कुणी त्यावर सही करत नाही.