मायलोफायब्रोसिसची बोन मॅरो बायोप्सी: जाळं कसं वाचावं

मायलोफायब्रोसिस म्हणजे मज्जेत, म्हणजे हाडातल्या रक्त बनवणाऱ्या गाभ्यात, तंतूंचं जाळं साचवणारा रक्ताचा कर्करोग. त्याची सुरुवात रक्ताच्या मूळपेशीत होते. बहुतेक रुग्णांत जेएके२, सीएएलआर किंवा एमपीएल यांपैकी एका जनुकात बदल सापडतो. पण मज्जा निकामी होते ती भोवतालामुळे. बिघडलेल्या मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी) टीजीएफ-बीटा, पीडीजीएफ अशी वाढीचे संदेश देणारी द्रव्यं सोडतात. त्यामुळे आधारपेशी तंतू विणत सुटतात आणि मूळपेशींना जागी धरून ठेवणारं सीएक्ससीएल१२ हे प्रथिन कमी बनवतात. पकड सुटलेल्या मूळपेशी रक्तात उतरतात, प्लीहेत ठाण मांडतात आणि प्लीहा वाढत जाते.

म्हणून आधी रक्ताची स्लाइड पाहा. अश्रूच्या थेंबासारख्या तांबड्या पेशी, केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी आणि कच्च्या पांढऱ्या पेशी एकत्र दिसल्या, तर मज्जेतलं जाळं तपासायलाच हवं.

सुईने ओढलेल्या द्रवात हे जाळं येत नाही. तंतू दाट असले तर काहीच येत नाही, यालाच ड्राय टॅप म्हणतात. अशा वेळी जोर लावून ओढत बसू नका. नुसतं रक्त येईल. हाडाचा तुकडा (बायोप्सी) घ्या, तो फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी दोन-तीन स्लाइडवर हलकेच टेकवा, म्हणजे पेशींचे ठसे मिळतील. ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी, मोजण्यासाठी नंतर त्याच तुकड्यावर सीडी३४ चं (त्या पेशींवरच्या खुणेचं) रंजन, म्हणजे रंग देणं, करता येतं.

तुकडा किमान १.५ सेंमी हवा, तोही मज्जेचा. कवचाचं हाड आणि कूर्चा त्यात धरू नका. द्रव ओढला त्याच जागेतून तुकडा काढला तर रक्त साचून रचना विस्कटते. त्वचेचं छिद्र तेच ठेवा, हाडावरची जागा मात्र थोडी सरकवा.

काप घेण्याआधी तुकड्यातल्या हाडाचा चुन्याचा अंश (कॅल्शियम) काढताना घाई नडते. तीव्र आम्लाने काम लवकर उरकतं, पण डीएनए तुटतो आणि जनुकीय तपासणी हातची जाते. ईडीटीए हे कॅल्शियम बांधून काढणारं रसायन सावकाश काम करतं, तरी तेच वापरावं. काप ३ ते ४ मायक्रॉनचे घ्या.

रेटिक्युलिन, म्हणजे जाळ्याचे बारीक तंतू, दाखवणाऱ्या चांदीच्या रंजनात आधी रक्तवाहिन्यांच्या भिंती शोधा. त्या काळ्या उमटल्या नसतील तर रंजन फसलं आहे. तशा स्लाइडवर ग्रेड देऊच नका. मग जिथे रक्त बनतंय तेवढाच भाग वाचा. जाळ्याच्या ग्रेड एमएफ-० ते एमएफ-३ अशा चार आहेत. सुटे, एकमेकांना न छेदणारे तंतू म्हणजे एमएफ-०. सैल जाळं, पुष्कळ छेद, विशेषतः वाहिन्यांभोवती, म्हणजे एमएफ-१. सगळीकडे दाट जाळं, क्वचित कुठे जाड जुडगे, म्हणजे एमएफ-२. दाट जाळ्यात कोलॅजनचे जाड जुडगे सर्वत्र पसरलेले आणि बहुधा हाडही जाड झालेलं, म्हणजे एमएफ-३. शेवटच्या दोन ग्रेडसाठी कोलॅजन दाखवणारं ट्रायक्रोम रंजन जोडीला घ्या. ग्रेड जागोजागी वेगळी दिसली तर किमान ३० टक्के भागात असलेली सर्वांत वरची धरा.

सर्वांत जास्त फसवणूक होते एमएफ-० आणि एमएफ-१ मध्ये. तिथे मेगाकॅरिओसाइटकडे नीट पाहा: दाटीने चिकटलेले घोळके, ढगासारखी फुगीर, गडद केंद्रकं. कारखाना (या पेशी) दिसतोय, माल (तंतू) अजून साचायचा आहे. ही अवस्था इसेन्शियल थ्रॉम्बोसायथीमिया, म्हणजे प्लेटलेट वाढण्याचा वेगळा आजार, समजली जाऊन निसटते. त्या आजारात मेगाकॅरिओसाइट मोठ्या, प्रौढ आणि सुट्या असतात, केंद्रकं हरणाच्या शिंगांसारखी फाटे फुटलेली. रिपोर्टात नुसता आकडा न लिहिता हे वर्णन, तुकड्याची लांबी आणि रंजनाचा दर्जा लिहा. पुढच्या बायोप्सीशी तुलना त्यावरच होणार आहे.